गवताचं भाडं

२०२५ च्या जुलैत टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातली एक चित्रफीत जगभर फिरली. मारा नदी ओलांडायला आलेले विल्डेबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप, आणि कोगातेंदेच्या काठावर गाड्यांतून खाली उतरून मोबाइल उंचावून उभी असलेली माणसं. जनावरांना पाण्यात उतरायला वाटच नाही. आमच्या सकाळच्या फिरायच्या कंपूत त्यावरून आठवडाभर वाद रंगला. एका बाजूचं म्हणणं, आफ्रिकन सफारी म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले. गोऱ्या साहेबाची बंदूक गेली आणि आपला कॅमेरा आला, एवढाच काय तो फरक. तेव्हा हे सगळं बंदच करावं. दुसरी बाजू तितकीच ठाम: पर्यटक येतात म्हणून तर जनावरं उरली आहेत, नाहीतर तिथल्या लोकांनी ती केव्हाच संपवली असती. शेवटचं वाक्य ऐकून मला चहा कडू लागला. पण खटकलं ते वेगळंच. एवढ्या तावातावाने चाललेल्या वादात जनावर होतं, पर्यटक होता, कंपनी होती. ज्याच्या जमिनीवर हे सगळं घडतं तो माणूस मात्र कुठेच नव्हता. आमच्याकडे बांधावरून भांडण लागलं तरी तलाठी आधी विचारतो, सात-बारा कुणाच्या नावावर आहे? आफ्रिकेचा विषय निघाला की हा प्रश्न आपल्याला सुचतसुद्धा नाही.

माझं निम्मं आयुष्य बँकेत, शेतीकर्जाच्या टेबलावर, उतारे आणि तारण तपासण्यात गेलं. त्यामुळे दृष्टी थोडी रुक्ष झाली असेल. पण माझं म्हणणं असं, की सफारी चांगली की वाईट हा प्रश्नच अर्धवट आहे. गवत कुणाचं आहे, ते राखायचे पैसे त्याला मिळतात का, आणि नको वाटलं तर ‘नाही’ म्हणायची त्याला मुभा आहे का, एवढं विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर ती सफारी टिकावी. ‘नाही’ असेल तर तिथे एकच गाडी, तीही अगदी शिस्तीत, उभी असली तरी मला ते मान्य नाही.

हे मत घरबसल्या झालेलं नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही केनियातल्या मसाई माराला गेलो होतो. मुक्काम मुख्य राखीव क्षेत्राच्या बाहेर, उत्तरेच्या बाजूला, मसाई या गुरं पाळणाऱ्या जमातीतल्या जमीनमालकांनी एकत्र येऊन केलेल्या संवर्धनक्षेत्रातल्या एका लॉजवर. तिथे अशा क्षेत्राला ‘कॉन्झर्व्हन्सी’ म्हणतात. पहाटे साडेपाचला तंबूबाहेरून हाक, पाठोपाठ चहा आणि बिस्किटं. अंधारात एकट्याने तंबूबाहेर पडायचं नाही; भाला आणि टॉर्च घेतलेला रखवालदार गाडीपर्यंत सोडतो, कारण रात्री पाणघोडे चरायला तंबूंच्या मधूनच फिरतात. विषुववृत्त जवळ म्हणून आम्ही सुती कपड्यांवर भिस्त ठेवलेली. पण मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंच. उघड्या लँड क्रूझरमध्ये मांडीवर गरम पाण्याची पिशवी आणि अंगावर घोंगडी घेऊन कुडकुडत बसलो. सूर्य वर आला तेव्हा वारुळावर एक टोपी नावाचं हरीण पुतळ्यासारखं उभं होतं, टेहळणीला. पुढे ओढ्याच्या वळणावर सहा सिंहिणी झेब्र्यावर तुटून पडलेल्या. हाडं फुटण्याचा आवाज गाडीत ऐकू येत होता. तिथे आमच्याशिवाय फक्त एक गाडी.

आणि तेवढ्यात मागच्या चढावर गाई दिसल्या. शंभरेक असतील, गळ्यातल्या घंटा वाजताहेत, मागे लाल शुका, म्हणजे मसाई चादर, पांघरलेला एक गुराखी. गाडीतले एक मुंबईकर गृहस्थ, चांगले सुसंस्कृत, मोठ्या लेन्सवाले, वैतागून म्हणाले, “अहो, फ्रेममध्ये गाई येताहेत. यांना जरा बाजूला व्हायला सांगता येईल का?” आमचा गाइड स्वतः मसाई. तो हसला आणि शांतपणे म्हणाला, “सर, गाई मालकाच्या आहेत. आपण भाडेकरू.”

फ्रेममध्ये गाई नकोत ही हौस त्या गृहस्थांची एकट्याची नाही. तिला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात, योगायोग बघा, आपल्याकडून होते. १८८७ च्या सुमारास इटलीच्या फौजेसाठी लाल समुद्रावरच्या मसावा बंदरात गुरं उतरवली गेली. ती हिंदुस्थानातून आली होती आणि त्यांच्याबरोबर बुळकांडी ही गुरांची साथ आफ्रिकेत शिरली, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. दहाएक वर्षांत ती खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोचली. पूर्व आफ्रिकेतली ऐंशी-नव्वद टक्के गुरं गेली. दूध आणि गुरं हाच ज्यांचा संसार, त्या मसाईंचं काय झालं असेल? दुष्काळ, देवी, उपासमार. ज्याने आपल्याकडच्या म्हाताऱ्यांकडून बुळकांडीत ओस पडलेल्या गोठ्यांच्या गोष्टी ऐकल्या आहेत, त्याला जास्त सांगायला नको. नेमक्या त्याच दशकात युरोपीय माणूस तिथे मोठ्या संख्येने आला आणि त्याला दिसलं निर्मनुष्य, अथांग गवत. साथीने रिकामं केलेलं घर पाहून तो म्हणाला, इथे कधी कुणी राहतच नव्हतं. पुढे केनियात १९०४ च्या कराराने रिफ्ट व्हॅलीतल्या कुरणांवरून आणि १९११ च्या कराराने लाइकिपियाच्या सुपीक पठारावरून मसाईंना हलवलं आणि जमीन गोऱ्या मळेवाल्यांना दिली. सेरेंगेटी १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. १९५९ मध्ये मसाईंना तिथून काढून शेजारच्या न्गोरोन्गोरोत राहू देण्याचा शब्द दिला गेला. आज न्गोरोन्गोरोतूनही त्यांना शेकडो किलोमीटर दूर म्सोमेराला हलवणं चालू आहे, आणि २०२२ च्या जूनमध्ये सेरेंगेटीला लागून असलेल्या लोलिओंदोत १,५०० चौरस किलोमीटर चराऊ जमीन तोडून घेताना पोलिस आणि गुराखी समोरासमोर आले. ‘निर्मळ निसर्ग’ हे चित्र असं माणसं पुसून काढलेलं आहे.

तेव्हा आमच्या कंपूतल्या पहिल्या गटाचा मुद्दा मी निम्मा नव्हे, पाऊण मान्य करतो. सफारीचा उगम साहेबाच्या शिकारीतच आहे. १९०९-१० मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांच्या मुलाने आफ्रिकेच्या सफारीत मिळून ५१२ जनावरं मारली. ‘बिग फाइव्ह’ हा शब्दही शिकाऱ्यांचा. पायी मारायला सगळ्यांत अवघड ते पाच, म्हणून सिंह, बिबळ्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा. बिचाऱ्या जिराफाला त्यात जागा नाही, कारण त्याला मारण्यात मर्दुमकी नाही. (सफारी हा शब्द मात्र निरुपद्रवी. स्वाहिलीत त्याचा अर्थ प्रवास; आपली ‘सफर’ आणि ती एकाच अरबी आईच्या लेकी.) कॅमेऱ्याचा उपद्रव बंदुकीपेक्षा कमी असला तरी खोटा नाही. माराच्याच चित्त्यांवर झालेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की पर्यटक फार असलेल्या भागात एका वेतातलं सरासरी ०.२ पिल्लू स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत टिकलं. पर्यटक कमी तिथे २.३. दहापटीहून जास्त फरक. गाड्यांच्या कोंडाळ्यात आईची शिकार हुकते, पिल्लं उपाशी राहतात, तरस आणि सिंहांना ठिकाणा लागतो. आपल्याला हे सांगायला आफ्रिकेत जायला नको. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडल्यात जिप्सींनी दोन्हीकडून वाट अडवून एका वाघिणीला पिल्लांसह कोंडलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाइड आणि चालकांवर कारवाई झाली. ज्यांनी “अजून पुढे घ्या” म्हणून आग्रह केला असेल, ते बहुधा रात्री नववर्षाच्या पार्टीला होते.

मग बंद का करू नये? कारण बंद केल्यावर तिथे काय उरतं, हे आपल्याला ठाऊक आहे. केनियाने १९७७ मध्ये शिकार पूर्ण बंद केली. हेतू उत्तम होता. आणि त्या वर्षापासून २०१६ पर्यंत देशातलं वन्यजीवन सुमारे ६८ टक्क्यांनी घटलं, असं विमानातून केलेल्या गणनांवरून दिसतं. बंदूक हे एकच कारण असतं तर असं झालं असतं का? केनियातले बहुसंख्य वन्यप्राणी उद्यानांच्या आत राहतच नाहीत. ते राहतात लोकांच्या जमिनीवर. कायद्याने प्राणी सरकारचा, नुकसान मात्र जमीनवाल्याचं: सिंहाने गाय मारली तर त्याची, हत्तीने मका तुडवला तर त्याचा. आमच्या बँकेच्या भाषेत, देणी सगळी शेतकऱ्याच्या खात्यावर आणि येणी दुसऱ्याच्या. असा धंदा किती दिवस चालेल?

माराच्या ईशान्येचं लोइता मैदान हे त्याचं उत्तर. केनियातच राहणारा विल्डेबीस्टचा एक स्वतंत्र कळप पूर्वी तिथे वीत असे. ऐंशीच्या दशकात जमीनमालकांनी ते मैदान मोठ्या कंत्राटदारांना गव्हासाठी दिलं. त्यात त्यांची चूक काय? गव्हाचं भाडं मिळत होतं, विल्डेबीस्टचं नव्हतं. वीस वर्षांत तो कळप जवळजवळ पाऊण हिस्सा आटला. गोळी कुणी झाडली नाही, पर्यटकांची गाडी आडवी आली नाही; ट्रॅक्टर आला. नंतर सामाईक जमिनींचे वैयक्तिक तुकडे पडले आणि कुंपणं आली. स्थलांतर करणाऱ्या जनावराला गव्हाचं शेत आणि तारेचं कुंपण यांत फारसा फरक नसतो. म्हणून आमच्या पहिल्या गटाला मी विचारलं: तुम्ही लॉज उठवलंत, उत्तम, उद्या त्या मालकाला भाडं कोण देणार? तुम्ही? की गहूवाला?

यावर दुसरा गट खूश झाला. त्यांना वाटलं मी त्यांच्या बाजूला आलो. पण ‘पर्यटनानेच प्राणी वाचतात’ हेही तितकंच पोकळ विधान आहे. १९६१ च्या आसपास सेरेंगेटी-मारात अडीच लाखांच्या घरात असलेले विल्डेबीस्ट सत्तरच्या दशकाअखेर तेरा लाखांवर गेले. कशामुळे? पर्यटनामुळे नाही. आजूबाजूच्या मसाईंच्या गुरांना बुळकांडीच्या लसी टोचल्या गेल्या, साथीचा साठाच संपला, आणि रानातल्या विल्डेबीस्टची वासरं त्या रोगाने मरायची थांबली. जगातलं सगळ्यांत मोठं स्थलांतर म्हणून आपण जे पाहायला जातो, त्याचा आजचा आकार गाईंच्या लसीने घडवलेला आहे. गाय फ्रेमच्या बाहेर ठेवून ते चित्र समजतच नाही. मसाईंच्या सोडून दिलेल्या जुन्या वाड्यांच्या जागी, जिथे वर्षानुवर्षं शेण साचलं, तिथे कसदार गवत उगवतं आणि पुढे कित्येक वर्षं हरणं, झेब्रे तिथेच चरायला येतात. आपल्याकडे शेतकरी धनगराला धान्य देऊन मेंढ्या रानात बसवून घेतो, ते का, हे माहीत असलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. कळप हा जमिनीचा शत्रू, ही समजूत ज्यांनी कळप राखला नाही त्यांची.

म्हणजे पर्यटन हा रक्षणकर्ता नाही. ती एक गिऱ्हाइकी आहे. गिऱ्हाइकी कुणाशी आणि कोणत्या अटींवर, यावर सगळं ठरतं. २००५-०६ पासून माराच्या भोवती जो प्रयोग उभा राहिला तो मला म्हणूनच मोलाचा वाटतो. कुणाला शे-दीडशे एकर, कुणाला कमी, अशी वाटणी होऊन बसलेले मालक एकत्र आले. तुकडे जोडून मोठं रान केलं, कुंपण घालायचं नाही असं ठरवलं, आणि लॉजवाल्यांशी एकरी भाडेपट्टा केला. पर्यटक आले-न आले, भाडं ठरलेलं, महिन्याच्या महिन्याला. २०१३ च्या कायद्याने अशा क्षेत्रांना मान्यता दिली. खाटा मोजक्या, गाड्या मोजक्या. मालकांच्या गाई ठरलेल्या वेळापत्रकाने आत चरतात. आज या क्षेत्रांची एकत्रित जमीन साडेतीन लाख एकरांच्या घरात आहे, म्हणजे मुख्य राखीव क्षेत्राच्या तोडीची. सिंहांना हे कळतं का? कळत असावं. या भागातल्या सिंहांवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं की ज्या वस्त्यांची घरं अशा क्षेत्रांची सभासद आहेत, त्यांच्या आसपास सिंह जगण्याची शक्यता जास्त. भाडं मिळणारा माणूस मेलेल्या गाईबद्दल रागावतोच, पण विषाची बाटली उघडत नाही.

आता या प्रयोगाविरुद्धचे आक्षेप, आणि ते हलके नाहीत. जमिनीचे कागद बहुतेक पुरुषांच्या नावावर, म्हणून भाडंही त्यांच्याच हातात; दूध काढणारी, घर बांधणारी बाई हिशेबाबाहेर. सात-बाऱ्यावर बायकोचं नाव लावायला आपल्याला किती वर्षं लागली आणि अजून किती लागतील, हे आठवून मी या बाबतीत उपदेश टाळतो, पण दोष तो दोषच. दुसरं, दुष्काळात नेमकं हिरवं गवत लॉजच्या बाजूला असतं, आणि गाई आत शिरल्या तर दंड बसतो. स्वतःच्याच जमिनीवर दंड! तिसरं आणि सगळ्यांत टोचणारं: २०२० मध्ये कोविडने विमानं थांबली, लॉज ओस पडले, आणि ‘ठरलेलं’ भाडं कापलं गेलं. गाई कमी करून भाड्यावर विसंबलेल्या माणसाने तेव्हा काय खायचं?

या आक्षेपांतून मात्र ‘भाडेपट्टा मोडा’ हा निष्कर्ष निघत नाही. ‘भाडेपट्टा नीट करा’ हा निघतो. एकाच साखर कारखान्यावर अवलंबून असलेल्या ऊसवाल्याची गत आपण पाहिली आहे. म्हणून कुणी म्हणतं का, की शेतकऱ्याची जमीन काढून घ्या? तो भावाची हमी मागतो, राखीव निधी मागतो, दुसरं पीक ठेवतो. मसाईंनीही गाई सोडल्या नाहीत, यात त्यांचा शहाणपणा आहे. आणि मुख्य म्हणजे भाडेपट्टा संपतो. मुदत भरली की मालक नवा भाव मागू शकतो, नाही म्हणू शकतो. न्गोरोन्गोरोतल्या मसाईला ही सोय नाही. त्याच्यासमोर पोलिस येतात. दोन्हीकडे पर्यटकांना दिसणारा सिंह सारखाच, सूर्यास्ताचा पेला सारखाच. फरक फोटोत उतरत नाही, म्हणून आपल्या चर्चेतही येत नाही.

विमानाच्या धुराचा मुद्दा राहिला. तो खरा आहे, पण तो लंडनच्या आणि सिंगापूरच्या सहलींनाही तितकाच लागू आहे; तिथे आठवत नसेल तर सफारीलाच कशाला? महागाईचा मुद्दा त्याहून गुंतागुंतीचा. माराच्या मुख्य क्षेत्रात परदेशी माणसाला २०२४ पासून मोसमात दिवसाला २०० डॉलर प्रवेशशुल्क पडतं. रवांडात डोंगरी गोरिला पाहायचा परवाना २०१७ पासून १,५०० डॉलर, आणि उद्यानांच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा शेजारच्या गावांसाठी. असं असलं की सामान्य माणूस कधी जाणारच नाही, हे मलाही खुपतं. मी स्वतः निवृत्तीच्या पैशाला हात घालून गेलो. पण केनियाच्या नागरिकाला कितीतरी कमी दर आहे, आणि पुण्याच्या पर्यटकाला सिंह स्वस्तात दाखवणं हे मसाईंचं कर्तव्य नाही. ताडोबाची गोष्ट वेगळी. ते आपलं सार्वजनिक रान आहे, तिथे चंद्रपूरच्या शाळकरी पोराला परवडलंच पाहिजे. पण मग तिथेही प्रश्न तोच विचारावा लागेल. २०१२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन थांबवलं आणि ऑक्टोबरात पुन्हा चालू करू दिलं. त्या तीन महिन्यांत वाघ आणि पर्यटक यांवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. गाभ्यातून उठवलेल्या आणि सीमेवर राहिलेल्या गावांना तिकिटातलं नक्की काय मिळतं, यावर किती आले?

लॉजवरची आमची शेवटची संध्याकाळ. गाइडने गाडी एका बाभळीखाली थांबवली. टपावरच्या टोपलीतून शेंगदाणे आणि बाटल्या काढल्या. बोलता बोलता त्याने दूरच्या एका दगडाकडे बोट केलं आणि मग बाभळीकडे. म्हणाला, इथपासून तिथपर्यंत आमचं. वडिलांच्या नावावर आहे. भाडं त्यांच्या मोबाइलवर जमा होतं, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. माझ्यातला कर्ज-अधिकारी गप्प बसेना. मी एकरी रक्कम विचारली, त्याने सांगितली; मी गव्हाचं भाडं विचारलं, तेही त्याला तोंडपाठ होतं. दोन आकड्यांत फार अंतर नव्हतं.

“आणि गव्हाने जास्त दिले तर?” मी विचारलं.

त्याने पेला पुसून टोपलीत ठेवला. समोर उतारावर विल्डेबीस्टची एक लांब रांग एकामागून एक चालली होती, बाभळीच्या आणि त्या दगडाच्या मधून.

“वडील दरवर्षी विचारतात,” तो म्हणाला.